टूथपेस्ट दात राखते की झिजवते?

वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हल्ली गाडी दातांवर येतेच. "फ्लोराइडने दात ठिसूळ होतात असा मेसेज आलाय, खरं आहे का?" "पेस्टमध्ये साबण घालतात म्हणे." "आमच्या आजीनं जन्मभर राखुंडी लावली, शेवटपर्यंत ऊस सोलून खायची. मग ही पेस्ट कशाला?" आणि एक बाई तर सरळ म्हणाल्या, "दहा-वीस रुपयांची ट्यूब आणि दीडशेची ट्यूब, यांत फरक काय तेवढं सांगा." हा शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण घरातला पैसा त्याच्यावर अवलंबून आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पेस्टमधली एकच वस्तू दाताच्या कवचाला खरोखर बळ देते, ती म्हणजे फ्लोराइड. बाकीचे घटक घासायला, फेसाला, चवीला आणि रंगाला असतात. त्यांनी दाताचे फारसे बिघडत नाही आणि सुधारतही नाही. दाताचे कवच खाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांतल्या काही आपण 'दात घासायचे' म्हणूनच रोज तोंडात घालतो. हे असे का, ते नीट समजून घेऊ.

कवच कशाचे बनले आहे

दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग आपल्याला दिसतो ते त्याचे कवच. डॉक्टर त्याला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. वजनाने पाहिले तर त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्यात रक्त नाही, नस नाही, एकही जिवंत पेशी नाही. हात कापला तर जखम भरून येते, हाड मोडले तर जुळते. इनॅमलचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्याआधीच आपले काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. म्हणून एकदा गेलेले कवच पुन्हा उगवत नाही.

या कवचाचे वैरी दोन. एक आम्ल, दुसरे घर्षण.

आम्ल कुठून येते? दातांवर सकाळी जिभेला लागतो तो चिकट थर जंतूंचा असतो. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की ते जंतूही जेवतात आणि आम्ल सोडतात. आंबटपणा मोजायचे एक माप आहे. त्यावर शुद्ध पाणी ७ वर असते आणि आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. दातावरचा आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागते. मग लाळ हळूहळू तोंड सावरते आणि गेलेले खनिज थोडेथोडे परत आणून बसवते. याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे दातावर दिवसभर उधारी आणि वसुली चालू असते. तीन वेळा जेवणाऱ्या माणसाची वसुली होते. पण कामाच्या ठिकाणी दिवसातून सहा वेळा गोड चहा, त्याबरोबर बिस्कीट, पोराच्या हातात दर तासाला चॉकलेट किंवा रंगीत बर्फाची कांडी, असे असेल तर लाळेला सवडच मिळत नाही. उधारी साठत जाते आणि एक दिवस दाढेत खड्डा पडतो.

यालाच आपण कीड म्हणतो. ती अळी नव्हे. आठवडी बाजारात नळी लावून, धुरी देऊन दातातली कीड काढून दाखवणारे बसतात, ते हातचलाखीने आणलेली अळी दाखवतात. दाढेत अळी कधीच नसते.

फ्लोराइडची गोष्ट

फ्लोराइड दाताला चांगले, हे माणसाला कळले ते उलट्या बाजूने. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेला. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते. कशाने, ते कुणालाच माहीत नव्हते. त्याने वर्षानुवर्षे या डागांचा पाठपुरावा केला, आणि एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हे डागाळलेले दात दिसायला वाईट, पण किडायचे मात्र कमी. कारण सापडायला १९३१ साल उजाडले. पाण्याची बारकाईने तपासणी झाली आणि त्यात फ्लोराइड जास्त निघाले. मग ट्रेंडली डीन या डॉक्टरने गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. एका लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर डाग जवळजवळ पडत नाहीत आणि कीड मात्र बरीच कमी होते, असे दिसले. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहराने नळाच्या पाण्यात ते मोजून घालायला सुरुवात केली. पेस्टमध्ये ते आले त्यानंतर.

पेस्टमधले फ्लोराइड करते काय? लाळ जेव्हा गेलेले खनिज परत बसवते तेव्हा फ्लोराइड त्यात मिसळते आणि दुरुस्त झालेला थर आधीपेक्षा चिवट होतो. साधे कवच ५.५ वर विरघळायला लागते, फ्लोराइडवाला थर साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. आकड्यात फरक एकाचाच दिसतो, पण या मापावर एक अंक म्हणजे आंबटपणा दहापट. कीड लागायची पहिली खूण म्हणजे दातावर खडूसारखा पांढरा, निस्तेज ठिपका. तेवढ्यावर असेल तर फ्लोराइडच्या मदतीने दात सावरू शकतो. खड्डा पडल्यावर मात्र कोणतीही पेस्ट तो भरत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

आता 'फ्लोराइडने दात खराब होतात' या मेसेजकडे येऊ. त्यात अर्धे खरे आहे, म्हणूनच तो पसरतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांचे दात खडूसारखे पांढरे, पट्टेरी किंवा तपकिरी झालेले दिसतात. पुढे हाडे आणि सांधेही धरतात. आपल्या लोकांना हे जास्त सोसावे लागते याचे कारण उघड आहे. गावाबाहेरच्या वस्तीला नळ उशिरा येतो, बोअर आधी येते, आणि त्या बोअरचे पाणी कुणी तपासलेले नसते.

पण हे नुकसान पोटात गेलेल्या फ्लोराइडने होते, आणि दातांचे म्हणाल तर दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत. हिशेब करून पाहा. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे आपल्याकडचे मानक सांगते. समजा एखाद्या बोअरला ३ मिलिग्रॅम आहे आणि मूल दिवसाला एक लिटर पाणी पिते. त्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम गेले. तेच मूल वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण पाव ग्रॅम पेस्ट घेऊन सगळी गिळून बसले तरी जाते पाव मिलिग्रॅम. पाण्याचे फ्लोराइड बारापट झाले. तेव्हा अशा गावात पेस्ट फेकून देऊन हातपंप तसाच ठेवला तर दुखणे जागच्या जागी राहते. ग्रामपंचायतीकडे अर्ज देऊन पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. अशा गावातल्या मोठ्यांनी फ्लोराइडची पेस्ट खुशाल वापरावी. लहानग्यांना मात्र अगदी थोडी द्यावी आणि समोर उभे राहून थुंकायला लावावी.

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे

आम्ही वस्तीतल्या दुकानांतून मिळतील तशा ट्यूबा, डब्या आणि पुड्या आणल्या आणि मागचे लिखाण भिंग लावून वाचले. भिंग खरेच लागते.

पहिली नावे बहुधा घासणाऱ्या पदार्थांची. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूच्या जातीचा पदार्थ, आणि सिलिका. नाव वाळूच्या कुळातले असले तरी पेस्टमधली सिलिका वाळूसारखी टोकदार, कडक नसते. हे पदार्थ चिकट थर आणि डाग खरवडतात. पेस्ट किती झिजवते हे मोजायचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या मापावर पेस्ट २५० च्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. त्या मर्यादेतली पेस्ट मऊ ब्रशने रोज दोनदा लावली तर निरोगी कवचाला ओरखडाही जाणवण्यासारखा पडत नाही. झिजवतो तो आपला हात. ब्रश कडक आणि हात जड, भांडी घासल्यासारखे आडवे रगडणे, असे वर्षानुवर्षे चालले की हिरडी वर सरकते आणि तिच्याखालचा मऊ, पिवळसर भाग उघडा पडतो. तिथे कवच नसतेच. मग गार पाणी लागले की कळ जाते, आणि दोष येतो पेस्टवर.

मग ग्लिसरीन, सॉर्बिटॉल. पेस्ट सुकू नये म्हणून ते घालतात. सॉर्बिटॉल गोड लागते, पण जंतूंना त्यापासून साखरेसारखे आम्ल करता येत नाही. ग्लिसरीनचा थर दातावर बसतो आणि लाळ अडवतो, अशी एक अफवा फिरते. ग्लिसरीन पाण्यात विरघळते. गुळणीबरोबर निघून जाते.

'साबण' म्हणतात तो सोडियम लॉरिल सल्फेट. शाम्पूत असतो तोच, फेसासाठी. दाताच्या कवचाचे तो काही करत नाही. मात्र काही माणसांच्या तोंडाची आतली कातडी नाजूक असते, त्यांना याने वारंवार तोंड येते. तुम्हाला सारखे तोंड येत असेल तर हे नाव नसलेली पेस्ट महिना-दोन महिने वापरून पाहा. फेस जास्त म्हणजे दात जास्त स्वच्छ, हा समज मात्र सोडून द्या.

लवंग, कडुनिंब, मीठ, पुदिना. लवंगेच्या तेलाने ठणका बधिर होतो, हे खरे आहे. पण ठणका थांबला म्हणजे कीड थांबली असे नव्हे. उलट दुखणे दबल्यामुळे माणूस सहा महिने दवाखान्यात जात नाही आणि भरता आली असती ती दाढ शेवटी काढावी लागते. कोळशाच्या काळ्या पेस्टची सध्या फार चलती आहे. कोळसा डाग खरवडतो म्हणून दात चार दिवस उजळ वाटतात. त्यातल्या अनेकांत फ्लोराइड नसते. आपली राखुंडीच ती, महाग डब्यात घालून आलेली.

'सेन्सिटिव्ह' म्हणून ज्या महाग पेस्ट मिळतात त्यांतल्या पुष्कळांत पोटॅशियम नायट्रेट असते. ते दाताच्या नसेला शांत करते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि खड्डा पडलेल्या दाढेला त्याचा उपयोग नाही.

ट्यूबच्या शेपटाला हिरवी, लाल, काळी, निळी पट्टी असते. हिरवी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे रसायन, हा मेसेज तुम्हीही पुढे पाठवला असेल. ती पट्टी कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची, कुठे मिटवायची हे कळावे म्हणून असते. आतल्या मालाशी तिचा संबंध नाही.

तर मग वाचायचे काय? दोनच गोष्टी. पहिली, फ्लोराइडचा आकडा. आपल्या देशात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंतच फ्लोराइड घालायची परवानगी आहे आणि तो आकडा ट्यूबवर आणि खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. हजाराच्या जवळचा आकडा असेल तर ती पेस्ट मोठ्या माणसाच्या कामाची. मुलांची म्हणून चित्रे काढून विकतात त्या काही पेस्टमध्ये याच्या निम्मेच असते, काहींत मुळीच नसते. दुसरी गोष्ट, मुदतीची तारीख. तीही छापावीच लागते आणि त्याला कारण आहे. खडूतले कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवते, मग ते दाताला मिळत नाही. म्हणून खडूच्या स्वस्त पेस्टमध्ये फ्लोराइड सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट या रूपात घालतात. ते खडूशी लवकर जुळत नाही. तरी ट्यूब वर्षानुवर्षे पडून राहिली की जोर कमी होत जातो. बाजारात पाटीवर स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या ट्यूबा याचमुळे महाग पडतात.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. आकडा १००० च्या जवळ आहे, तारीख शिल्लक आहे, तर दहा-वीस रुपयांची ट्यूब आणि दीडशेची ट्यूब कवचाच्या बाबतीत सारखीच. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट दाखवतात; ती ट्यूब लवकर संपावी म्हणून. वाटाण्याएवढी पुरते. शंभर ग्रॅमच्या ट्यूबमधून अशी चारशे वेळा पेस्ट निघते. घरात चार माणसे, दिवसातून दोनदा, म्हणजे पन्नास दिवस.

मशेरीविषयी स्पष्ट बोलू

कुठे मशेरी म्हणतात, कुठे मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांना, हिरड्यांना. सुरुवात 'दात घासायला' म्हणून होते, म्हणून घरातल्या कुणाला ते व्यसन वाटत नाही. सासू लावते म्हणून सून लावते, आई लावते म्हणून बारा-तेरा वर्षांची पोरगी लावून बघते. मग दिवसातून एकदाचे चारदा होते.

ज्या बायका मशेरी लावतात त्यांना नावे ठेवायला आम्ही हे लिहीत नाही. "पोट साफ होतं", "दाढ दुखायची थांबते", "लावली नाही तर हात चालत नाही", असे त्या सांगतात आणि ते खोटे नसते. तंबाखूतले निकोटीन हे सगळे करते. ते आतड्याला ढकलते, भूक मारते, तरतरी आणते, आणि उतरले की पुन्हा मागणी करते. बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला उपाशीपोटी तरतरी लागते, हे आपण सगळेच जाणतो.

पण दातांचा हिशेब असा. भाजलेल्या तंबाखूची भरड बोटाने रगडली की कवच झिजते. हिरडी दातापासून सुटत खाली-वर सरकते. दात काळवंडतात, पुढे हलायला लागतात. फ्लोराइडचा त्यात कणही नाही. आणि जिथे मशेरी दाबून धरतात तिथे, गालाच्या आत किंवा हिरडीवर, आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो. त्यातल्या काही चट्ट्यांचा पुढे कर्करोग होतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा दिसला तर थांबू नये. दुखत नाही म्हणून सोडून द्यायची चूक अनेक घरांना महागात पडली आहे. सुरुवातीला तो दुखतच नाही.

गरोदरपणात तर मशेरी पोटातल्या बाळापर्यंत पोचते. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू, त्यातही बहुतेक मशेरीच, वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. आधीच अशक्त आईच्या पोटी जन्मलेल्या दोन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम थोडे नसतात.

सरकारने १९९२ साली पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. एका उत्पादकाने ती न्यायालयात नेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदी कायम ठेवली. म्हणजे 'दंतमंजन' या नावाने तंबाखू विकता येत नाही, हे ठरलेले आहे. तंबाखू मात्र सुटी मिळते आणि तवा प्रत्येक घरात आहे. कायदा तिथवर पोचत नाही.

सोडायची कशी? काहींना एकदम सोडणे जमते, काहींना वेळा कमी करत. पहिले तीन-चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते, शौचाला होत नाही; नंतर ओसरत जाते. शौचासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी. हाताला डबीची सवय असते, म्हणून डबीत बडीशेप भरून ठेवणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत दूरध्वनी आहे: १८०० ११ २३५६. गुटखा, मावा, खर्रा खाणाऱ्या पुरुषांनाही तो लागू आहे. सुपारीने दाढांची टोके सपाट होतात आणि तोंड उघडेनासे होते, ते वेगळेच दुखणे. दोघांनी मिळून सोडले तर सोपे जाते. नवऱ्याने खर्रा तोंडात ठेवून बायकोला मशेरीवरून बोलू नये.

राखुंडी, लाल मंजन आणि काडी

गोवरीची राख, विटेची भुकटी, जाडे मीठ, गेरूचे लाल मंजन. यांत भरड कण असतात आणि ते बोटाला सहज जाणवतात. चिमूट घेऊन दोन बोटांत चोळा. खरखर लागली तर दातालाही तेच लागते. बहुतेक मंजनांत फ्लोराइड नसते.

मग आजीचे दात कसे टिकले? आजीच्या ताटात भाकरी होती, बिस्कीट नव्हते. साखर सणाला. शिवाय जिचे दात टिकले तीच आजी आपल्याला आठवते. चाळिशीत बोळकी झालेल्या आज्याही प्रत्येक वस्तीत होत्या.

काडीचे तसे नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दातकाडीचा उल्लेख आहे. भगवंतांनी ती वापरायला सांगताना तिचे पाच गुण सांगितले, त्यांत तोंडाला वास येत नाही आणि अन्न रुचते हेही आहेत. काडी फार लांब नसावी, आठ बोटांपर्यंत असावी. आणि फार आखूडही नसावी, चार बोटांहून कमी नको, कारण आखूड काडी एका भिक्खूच्या घशात गेली होती. इतका व्यवहारी विचार त्या नियमात आहे. कडुनिंबाची किंवा बाभळीची कोवळी काडी चावून कुंचा केला आणि हळू फिरवला तर थर निघतो, कवच झिजत नाही. फक्त फ्लोराइड मिळत नाही. ज्यांना काडी सोडवत नाही त्यांनी सकाळी काडी आणि रात्री पेस्ट, असे खुशाल करावे.

लावायची कशी

रात्रीचे घासणे सकाळपेक्षा महत्त्वाचे. झोपेत लाळ कमी होते आणि दातावर राहिलेल्या अन्नावर जंतूंना सात-आठ तास मिळतात. दोन मिनिटे, मऊ ब्रश, हात हलका, हिरडीजवळ गोल गोल. झाल्यावर थुंकावे आणि भरपूर चुळा भरू नयेत. नळाखाली चार चुळा भरल्या की पैसे देऊन आणलेले फ्लोराइड मोरीत जाते. चिंच, लिंबू, कैरी, थंड पेय घेतल्यावर कवच थोडा वेळ मऊ असते. अर्धा तास थांबून घासावे, तोवर साधी चूळ. गरोदर बायांना उलटी झाल्यावर हेच लागू. लगेच ब्रश नको, आधी पाण्याने तोंड धुवावे. दात पांढरे करायला लिंबू चोळणे म्हणजे कवचावर आम्ल ओतणे.

तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यावे. ब्रश ज्याचा त्याचा. घरात एकच ब्रश फिरत असेल तर हिरडीचे रक्त आणि जंतूही फिरतात.

आणि एक गोष्ट बहुतेक आईबापांना कुणी सांगतच नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरातले त्यांना दुधाच्याच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. त्या आयुष्यभराच्या असतात. पहिलीत असलेल्या पोराला आज रात्री तोंड उघडायला लावून बॅटरीने बघा. मागे रुंद, खाचांची दाढ दिसली तर तिथवर ब्रश पोचतो का ते पाहा. खाचांत काळी रेघ किंवा पांढरट ठिपका असेल तर दवाखाना गाठा. या वेळी खाच बुजवून टाकता येते, ते दुखत नाही आणि दाढ वाचते.

अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, ते दातही तपासते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि पथकाने दिलेली चिठ्ठी जपून ठेवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा फारच कमी खर्चात दाढ भरून मिळते. गर्दी असते, तेव्हा केसपेपरसाठी सकाळी लवकर जावे. काही खाऊन जावे, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचे पाकीट बरोबर न्यावे, आणि "काढून टाका" असे आपण होऊन सांगण्याआधी "भरता येईल का?" असे विचारावे.